सुतनुकेपासून सोनाबाईपर्यंत

दिवाळीच्या आगेमागे भिलाईच्या सेक्टरांमधून आणि दुर्ग जिल्ह्यातील खेड्यांमधून बायकांचे घोळके दारोदार फिरतात. अंगणात मधोमध एक टोपली ठेवली जाते, टोपलीत धान पसरलेले असते आणि त्या धानावर मातीचे पोपट बसवलेले असतात. बायका टोपलीभोवती रिंगण धरतात, कमरेत किंचित वाकून एका लयीत टाळ्या देत पाय टाकतात, आणि गाणे समोरच्या माणसांना उद्देशून नव्हे तर त्या पोपटाला उद्देशून म्हणतात. छत्तीसगढी बोलीत पोपटाला ‘सुवा’ म्हणतात, म्हणून हा सुवा नाच. ढोलक नसते, मांदरही नसतो. ताल केवळ तळहातांचा. दूर गेलेल्या नवऱ्याला पोहोचवायचा निरोप, माहेरची ओढ, सासरचा जाच आणि बाईच्या जन्माला आलेल्या भोगाचे गाऱ्हाणे हे सारे त्या मातीच्या पाखराच्या कानी घातले जाते.

१९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या निमित्ताने देशभरातून माणसे येथे आली, त्यांत नागपूर-गोंदिया-दुर्ग या लोहमार्गाने आलेली विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. अशा घरातील स्त्रियांना सुव्याचे रिंगण परके वाटण्याचे कारण नव्हते, कारण भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भ-खानदेशात मुली भुलाबाई मांडतात, तिच्यापुढे टिपऱ्या वाजवतात, सासर-माहेराची गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायला लावतात. भुलाबाई-भुलोजी म्हणजे मातीचे पार्वती-शंकर. छत्तीसगढच्या गोंड समाजात दिवाळीच्या रात्री जे गौरा-गौरी घडवले जातात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तळ्यावर नेले जातात, तेही मातीचे पार्वती-शंकरच. कोजागिरी आणि दिवाळी यांत पंधरवड्याचे अंतर आहे. मातीची गौर तेवढ्या अवधीत जणू वैनगंगेच्या खोऱ्यातून शिवनाथच्या खोऱ्यात येते.

पोपटाशी बोलणारी ही बाई कलेच्या इतिहासात फार जुनी आहे. मथुरेजवळच्या भूतेसर येथे सापडलेल्या, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या दगडी कठड्याच्या एका खांबावर एक यक्षी कोरलेली आहे. यक्षी म्हणजे झाडे, पाणी आणि सुफलता यांच्याशी जोडलेली लोकदेवता. या यक्षीच्या हातात पिंजरा आहे, पिंजऱ्यातून सुटलेला पोपट तिच्या खांद्यावर बसून कानाशी लागला आहे, आणि हा खांब आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. पोपटच का, याचे उत्तर संस्कृत काव्याने दिलेले आहे. शयनगृहात टांगलेला पोपट रात्रीचे बोलणे ऐकतो आणि सकाळी ते वडीलधाऱ्यांसमोर जसेच्या तसे बोलून दाखवतो; अमरुशतकातील एका प्रसिद्ध श्लोकात लाजेने कावरीबावरी झालेली नववधू कानातील माणिक डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीत देते आणि त्याला गप्प करते. पोपट हा अशा प्रकारे स्त्रीच्या मनातील गुपिताचा एकमेव साक्षीदार ठरला, आणि शिल्पकारालाही न बोलणाऱ्या दगडात स्त्रीचे बोलणे दाखवण्याची युक्ती सापडली.

पुढे मंदिरांच्या भिंतींवर हीच स्त्री ‘शुकसारिका’ या नावाने येऊ लागली. शुक म्हणजे राघू, सारिका म्हणजे मैना. मंदिराच्या बाह्यांगावर, देवदेवतांच्या मूर्तींच्या अधेमध्ये ज्या सालंकृत, आपल्याच नादात असलेल्या स्त्रिया कोरलेल्या असतात त्यांना महाराष्ट्रात सुरसुंदरी म्हणण्याची रूढी आहे, तर ओडिशाकडे त्यांना अलसकन्या म्हणतात. अलस म्हणजे सुस्त नव्हे, तर निवांत, स्वतःत रमलेली. छत्तीसगढला लागूनच असलेल्या ओडिशात रामचंद्र कौलाचार याने रचलेला ‘शिल्पप्रकाश’ हा मध्ययुगीन ग्रंथ अशा सोळा अलसकन्यांची लक्षणे देतो. आरशात पाहणारी ती दर्पणा, पायात पैंजण बांधणारी ती नूपुरपादिका, दाराच्या तोरणाला रेलून उभी ती तोरणा, मूल कडेवर घेतलेली ती मातृमूर्ती, मृदंग वाजवणारी ती मर्दला, आणि राघू-मैनेशी बोलणारी ती शुकसारिका. पश्चिम भारतातील ‘क्षीरार्णव’ या शिल्पग्रंथात ही संख्या बत्तीसवर जाते आणि तेथे पत्र लिहिणारी पत्रलेखा, न्हाऊन आलेली कर्पूरमंजरी, शस्त्र धारण केलेली शत्रुमर्दिनी अशी नावे येतात. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरला कोपेश्वराच्या मंदिराभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्याला यांपैकी अनेकींची भेट होते.

शिल्पप्रकाशाच्या कर्त्याने या स्त्रियांची गरज फार ठामपणे मांडली आहे: पत्नीवाचून घर आणि स्त्रीवाचून क्रीडा जशी व्यर्थ, तसे नायिकेच्या मूर्तीवाचून देवालय निष्फळ, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे सुरसुंदरी ही रिकामी जागा भरण्यासाठी घातलेली नक्षी नव्हे. ती नसेल तर वास्तूला फळ नाही. दारावर गंगा-यमुना, भिंतीवर सुरसुंदरी, गाभाऱ्याच्या ललाटबिंबावर, म्हणजे चौकटीच्या वरच्या आडव्या शिळेच्या मध्यभागी, पुष्कळदा गजलक्ष्मी, अशी ही मंदिरातील स्त्रीरूपांची मांडणी आहे. देव आत एकटा असतो आणि त्याच्यापर्यंतची सगळी वाट स्त्रियांनी व्यापलेली असते.

तरीही या नावांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट टोचत राहते. दर्पणा, पत्रलेखा, नूपुरपादिका ही नावे माणसांची नाहीत, ती कृतींची आहेत. जी कोणी आरशात पाहील ती दर्पणा. चेहरा आहे, अंगकांती आहे, एकेका दागिन्याची घडण मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आहे, पण ही कोण, याला उत्तर नाही आणि ते अपेक्षितही नव्हते. प्रतीक होण्याची हीच किंमत असावी. सर्वांची व्हायची तर कोणा एकीचे असून चालत नाही, आणि म्हणून कलेतील स्त्रीरूप जितके चिरंतन होत गेले तितकी त्यातील बाई पुसट होत गेली.

ही पुसट होण्याची क्रिया मंदिरांच्याही आधीची आहे. ऑस्ट्रियातील विलेन्डॉर्फ येथे १९०८ साली सापडलेली, पंचवीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची मूठभर उंचीची स्त्रीमूर्ती जगभर प्रसिद्ध आहे. तिचे स्तन, उदर, नितंब भरीव आहेत, डोक्यावर वेण्यांसारख्या वळ्या आहेत आणि चेहऱ्याच्या जागी काहीही नाही. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात इसवी सनापूर्वी १३००च्या सुमाराच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची पेटी सापडली. तिच्यात एक कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती होती, सोबत बैल होता, आणि ही मूर्ती बैलावर काडी खोचून बसवता येईल अशी केलेली होती. तिला मस्तकच नव्हते. पुढे शतकानुशतके दख्खनमध्ये पुजली गेलेली, मस्तकाच्या जागी कमळ असलेली लज्जागौरी याच वळणाची आहे. अभ्यासकांनी यातून मातृदेवतेचा, भूमीच्या सुफलतेचा अर्थ काढला, आणि तो बरोबरच आहे. पण त्या अर्थासाठी शरीर पुरेसे होते, मुखाची गरज पडली नाही, हेही तितकेच खरे.

छत्तीसगढमध्ये मात्र याच्या नेमकी उलट एक गोष्ट घडलेली आहे. सरगुजा जिल्ह्यातील रामगढच्या डोंगरात सीताबेंगरा आणि जोगीमारा अशा दोन गुहा शेजारी शेजारी आहेत. त्यांतील पहिल्या गुहेची बैठकव्यवस्था पाहून पुरातत्त्वज्ञ टी. ब्लॉख यांनी १९०४च्या सुमारास ती प्राचीन नाट्यशाळा असावी असे मत मांडले, तर दुसरीच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतील, मागधी वळणाच्या प्राकृतातील एक छोटा लेख आहे. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकाच्या आसपास मानला जातो. त्यात ना राजाची स्तुती आहे ना दानाचा तपशील. सुतनुका नावाची एक देवदासी होती आणि वाराणसीचा देवदिन्न नावाचा रूपदक्ष तिच्यावर अनुरक्त होता, एवढाच त्याचा आशय आहे. ‘देवदासी’ हा शब्द कोरलेला सापडतो तो इतक्या जुन्या काळी येथेच. ‘रूपदक्ष’ या शब्दाचा अर्थ कोणी शिल्पी लावतात, कोणी चित्रकार, तर कोणी नाणी पारखणारा. याच गुहेच्या छतावर चित्रांचे अवशेष असल्यामुळे रूपे घडवण्यात निपुण असा माणूस हा अर्थ मनाला अधिक पटतो.

सुतनुका म्हणजे सुंदर तनू असलेली. अशा नावाची बाई आणि रूपे घडवणारा पुरुष यांची नावे सव्वादोन हजार वर्षे एका खडकावर शेजारी शेजारी राहिली, पण सुतनुकेचे रूप मात्र कुठेही उरले नाही. भूतेसरच्या यक्षीला चेहरा आहे आणि नाव नाही. सुतनुकेला नाव आहे आणि चेहरा नाही. शिवाय ते नावही तिचे तिने लिहिलेले नाही. तिला देवदिन्न आवडत होता की नाही, हे सांगायला त्या भिंतीवर एखादा पोपटही नाही.

महानदीच्या काठी सिरपूरला, सहाव्या-सातव्या शतकांच्या संधिकाळात उभे राहिलेले विटांचे देखणे मंदिर आज लक्ष्मणमंदिर म्हणून ओळखले जाते. ते विष्णूचे आहे, आणि बांधवून घेतले आहे ते एका राणीने. मगधाच्या सूर्यवर्म्याची मुलगी वासटा ही दक्षिण कोसलच्या हर्षगुप्ताची पत्नी. पती निवर्तल्यावर, मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन राज्य करीत असताना तिने हे मंदिर उभारले, आणि तिचा शिलालेख रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात आहे. लोकांच्या जिभेवर मात्र नाव बसले ते लक्ष्मणाचे. सिरपूरलाच १९३९ साली धातुमूर्तींचा मोठा साठा हाती लागला. त्यातील चांदी-तांब्याच्या जडावाची, सोन्याच्या मुलाम्याची बौद्ध देवता तारा हिची मूर्ती आता अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात आहे. तारा म्हणजे तारून नेणारी.

भिलाईच्या अगदी जवळ, चरोद्याच्या हद्दीत देवबलोद्याचे शिवमंदिर आहे, कलचुरी काळातील, साधारण तेराव्या शतकातील. त्याला शिखर नाही. भिंतींवर देव, शिकारी, हत्ती, नर्तकी, वादक यांच्या पट्ट्या आहेत, शेजारी कुंड आहे आणि महाशिवरात्रीला जत्रा भरते. शिखर का नाही, याची एक कथा परिसरात सांगितली जाते. शिल्पी कामात इतका बुडालेला असे की अंगावर वस्त्र आहे की नाही याचेही त्याला भान नसे; रोज त्याची बायको जेवण घेऊन येई, एक दिवस तिच्याऐवजी बहीण आली, लाजेने त्याने कुंडात उडी घेतली आणि ते पाहून बहिणीनेही जवळच्या तळ्यात जीव दिला. डोक्यावर कळशी घेऊन ती बुडाली म्हणून त्या तळ्याला करसा तलाव म्हणतात. करसा म्हणजे कलश. कथेला इतिहासाचा आधार मागू नये, पण ती काय सांगते ते ऐकावे. ज्या हातांनी भिंतीवर इतक्या स्त्रिया घडवल्या त्या हातांना एक खरी, ओळखीची, रक्ताची स्त्री समोर येताच काम पुढे नेता आले नाही, आणि मंदिराला कळस चढण्याऐवजी एक कलश पाण्यात बुडाला. या बहिणीचेही नाव कथेला ठाऊक नाही.

स्वतःचे नाव असलेली, स्वतःच्या तोंडाने बोलणारी स्त्री या भागातील कलेत ठळकपणे उभी राहिली ती विसाव्या शतकात, आणि उभी राहिली हे शब्दशः खरे आहे. महाभारताची कथा गाऊन-बोलून सांगण्याच्या पंडवानी या प्रकारात दोन शैली आहेत: बसून सांगायची ती वेदमती आणि उभे राहून, अभिनयासह सांगायची ती कापालिक. स्त्रीने गायचेच असेल तर बसून गावे, असा रिवाज होता. भिलाईजवळच्या गनियारी गावात १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाईंनी आजोबांकडून ऐकून महाभारत आत्मसात केले, वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात दहा रुपये बिदागीवर पहिला कार्यक्रम केला, आणि तो केला कापालिक शैलीत. समाजाचा रोष त्यांनी सोसला. पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली, २००३ साली पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण या सन्मानांपर्यंत त्या पोहोचल्या.

तीजनबाईंच्या हातातील मोरपिसे लावलेला तंबोरा हे एक स्वतंत्र शिल्पच मानावे लागेल. तो खांद्यावर गेला की भीमाची गदा होतो, आडवा धरला की अर्जुनाचे धनुष्य होतो, आणि दुःशासनवधाच्या प्रसंगी त्याच तंबोऱ्याच्या आधाराने द्रौपदीचे मोकळे केस दिसू लागतात. कपाळावर मोठे कुंकू, गळ्यात-दंडात चांदीचे जड दागिने, तोंडात पान, पायाखाली दणाणणारे व्यासपीठ. सुरसुंदरीची सगळी आभूषणे येथे आहेत, पण ही अलसकन्या नाही. द्रौपदीची वेदना येथे पाहिली जात नाही, ती आतून सांगितली जाते, आणि सांगणारी क्षणात भीम होऊन तिचा सूडही उगवते. दगडातील नायिकेला हे कधी शक्य झाले नव्हते.

सुतनुकेच्या सरगुजा जिल्ह्यातच पुहपुटरा हे गाव आहे. लग्न होऊन तेथे आलेल्या सोनाबाई रजवार यांना नवऱ्याने गावापासून बाजूला, घराच्या भिंतींआड जवळजवळ एकाकी ठेवले, आणि हे सुमारे पंधरा वर्षे चालले. करमणुकीला कोणी नाही, बोलायला कोणी नाही. मूल लहान होते, त्याला खेळणी हवी होती. सोनाबाईंनी माती कालवून खेळणी केली. मग घरात गारवा यावा म्हणून बांबूच्या कामट्या चिरल्या, त्या वाकवून गोल कडी केली, कडी एकमेकांना बांधली, त्यांवर मातीचा गिलावा चढवला आणि ओसरीला जाळी लागली. त्या जाळीच्या कड्यांमध्ये हळूहळू माणसे आली: हात वर करून नाचणाऱ्या बायका, बासरीवाला कृष्ण, माकडे, साप आणि पुष्कळ पाखरे. रंग स्वयंपाकघरातून आणि झाडाच्या पाल्यातून आले. शिकवणारे कोणी नव्हते आणि पाहणारेही नव्हते.

भोपाळच्या भारत भवनातील ‘रूपंकर’ या कलाविभागासाठी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने तेव्हाच्या मध्य प्रदेशातील आदिवासी आणि ग्रामीण कलांचा शोध चालू होता, त्या शोधपथकाच्या दृष्टीस १९८३च्या सुमारास हे घर पडले. त्याच वर्षी सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे मध्य प्रदेश शासनाचा तुलसी सन्मान मिळाला, २००७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर दोन वर्षांनी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिंगेई संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. गावातील इतर स्त्री-पुरुष त्यांच्याकडून ही कला शिकले. आज रजवार भित्तिशिल्पे म्हणून जी शैली ओळखली जाते तिचे मूळ परंपरेने लिंपलेल्या भिंतीत आहे हे खरे, पण तिला मिळालेले हे मोकळे, भिंतीतून बाहेर झेपावणारे वळण त्या एका घरातले आहे.

सोनाबाईंच्या बायकांना क्षीरार्णवातील कोणतेही नाव देता येत नाही. त्यांची कंबर बारीक नाही, त्रिभंग नाही, म्हणजे मान, कमर आणि गुडघा यांत मोडलेली ती ठरीव डौलाची उभी राहण्याची पद्धत नाही. चेहरे वाटोळे, नाक चिमटीने ओढलेले, डोळे म्हणजे दोन ठिपके, आणि अंगठ्याने दाबत नेलेल्या मातीवर बोटांची खूण राहिलेली. त्या आरशात पाहत नाहीत की काटा काढण्यासाठी पाय वर उचलत नाहीत. त्या रांगेने उभ्या आहेत, एकमेकींच्या शेजारी, ज्या घरात वर्षानुवर्षे एकही मैत्रीण येऊ शकली नाही त्या घरात. अशा कामाला मातृदेवतेचे प्रतीक किंवा सुफलतेचे चिन्ह म्हणून मोकळे होणे सोपे असले, तरी ते अन्यायाचे होईल. या बाईने आधी स्वतःसाठी सोबत घडवली, प्रतीक वगैरे पाहणाऱ्यांनी नंतर केले.

दगडाची सुरसुंदरी एकदा कोरली की आठशे वर्षे तशीच उभी राहते. मातीचे तसे नसते. पावसाळ्याच्या ओलीने गिलावा फुगतो, पोपडे सुटतात, हात वर केलेल्या एखाद्या नाचणारीचा हात मनगटापासून गळून पडतो. पाऊस सरला, धान कापणीला आले की घरातील बायका माती भिजवून, तुडवून घेतात, छुहीचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा, हात फिरवतात, तुटलेला हात नव्याने लावतात आणि जाळीच्या कड्यात बसलेल्या पाखराची चोच बोटाने पुन्हा काढतात. त्याच दिवसांत खाली दुर्ग-भिलाईकडे टोपल्यांमधून मातीचे सुवे बसू लागलेले असतात.